स्पोर्ट ट्रिमची गाडी दणके देते? खर्च करण्याआधी या चुका टाळा

ह्युंदाईने सप्टेंबर 2021 मध्ये आय20 एन लाइन ही स्पोर्ट ट्रिम, म्हणजे कंपनीनेच काढलेली स्पोर्टी आवृत्ती, भारतात आणली, तेव्हा साध्या आय20 पेक्षा तिचं सस्पेन्शन मुद्दामच कडक ठेवलं होतं. शिवाय चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि एक्झॉस्टला थोडा जाड आवाज. घाटात ही गाडी वळणावर अशी चिकटून जाते की चालवणारा खूश. मागच्या सीटवर बसलेल्या सासूबाई मात्र तिसऱ्या गतिरोधकाला विचारतात, ‘ही नवीनच आहे ना रे?’ मग माणूस अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात जातो, आणि तिथून पुढे चुकत जातो.

पहिली चूक म्हणजे सगळ्या धक्क्यांना एकच समजणं. पेव्हर ब्लॉकवर किंवा काँक्रीटच्या जोडांवर बारीक, टोकदार ‘टक टक’ जाणवते ती बहुतेक वेळा टायरची. रस्ता वरखाली असताना गाडी सतत डुचमळते, डोकं डावी-उजवीकडे हलतं, ते स्प्रिंग आणि अँटी-रोल बारचं (गाडी वळणावर कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा) काम. आणि मोठ्या खड्ड्यात ‘धप्प’ करून जे आपटतं, तिथे सस्पेन्शनची दबायची जागा संपून बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडणीवर, भार आलेला असतो. टायरचा धक्का शॉकअप (शॉक अब्सॉर्बर) बदलून जात नाही, आणि बंप स्टॉपचा दणका हवा कमी करून जात नाही. म्हणून रोजच्या वाटेवरचा एक खराब तुकडा आणि एक गतिरोधक ठरवून घ्या. जो काही बदल कराल, त्यानंतर त्याच वेगाने तिथूनच जा. नाहीतर पैसे खर्च केले म्हणून मनाला बरं वाटतं, गाडी होती तशीच असते.

हवेचा घोळ

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा चुकणारी गोष्ट ही. नवीन गाड्या कारखान्यातून निघताना आणि यार्डात उभ्या असताना टायरमध्ये बऱ्याचदा नेहमीपेक्षा जास्त हवा असते, कारण गाडी महिनोन्‌महिने एकाच जागी उभी राहिली तर टायर एका बाजूला चपटे पडतात. डिलिव्हरीच्या आधी ती कमी करायची असते. ते राहून गेलं तर ग्राहक नव्याकोऱ्या गाडीत बसून सस्पेन्शनला शिव्या देत बसतो. त्यात पंपावरचा पोऱ्या डोळे मिटून प्रत्येक गाडीत 35 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरतो. तुमच्या गाडीला किती हवं ते ड्रायव्हरचा दरवाजा उघडल्यावर खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, पुढचं आणि मागचं वेगळं, दोन माणसांचं आणि भरलेल्या गाडीचंही बऱ्याचदा वेगळं.

हवा टायर थंड असताना मोजायची. तापमान पाच-सहा अंशांनी चढलं की दाब साधारण 1 पीएसआयने वाढतो, त्यामुळे एक्सप्रेसवेवरून उतरून लगेच मोजलं तर आकडा फुगलेलाच दिसणार. तापलेल्या टायरमधून स्टिकरच्या आकड्यापर्यंत हवा सोडली, तर सकाळी टायर अर्धपोटी. स्वतःचा साधा गेज गाडीत ठेवा. पंपाच्या मशीनचा आकडा आणि तुमचा आकडा जुळेलच असं नाही.

उलट टोकाची चूकही तितकीच वाईट. ‘चार-पाच पॉइंट कमी ठेव, गाडी लोण्यासारखी चालते’ हा सल्ला कट्ट्यावर हमखास मिळतो. गाडी मऊ लागते हे खरं, पण कमी हवेच्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, आतून तापते आणि एक्सप्रेसवेवरच्या काँक्रीटवर उन्हाळ्यात तोच टायर फुटतो. खड्ड्यात रिम वाकते ती वेगळीच. स्टिकरच्या खाली जाऊ नका. नायट्रोजनबद्दल एकच सांगतो: साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. तो भरून गाडी मऊ होत नाही.

मोठ्या रिमचा मोह

एन लाइनला 195/55 आर16 टायर येतात. म्हणजे टायरची रुंदी 195 मिलिमीटर, रिम 16 इंची, आणि रिमपासून जमिनीपर्यंत रबराची उंची 195 च्या 55 टक्के, जेमतेम 107 मिलिमीटर. याच गाडीला शोभेसाठी 205/45 आर17 लावले तर ती उंची 92 वर येते. पंधरा मिलिमीटर रबर गेलं, बहुतेक वेळा रिमही जड झाली, आणि मग तोच माणूस विचारतो की राइड कशी सुधारू.

सुधारायची असेल तर उलट दिशेला जायला हवं. साध्या आय20 च्या खालच्या ट्रिमना 185/65 आर15 हा साइज आलेला आहे. त्यात रबर 120 मिलिमीटर आणि चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच, 621 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे स्पीडोमीटरही बिघडत नाही. तेरा मिलिमीटर जास्त रबराचा फरक पेव्हर ब्लॉकवर लगेच कळतो. वळणावरची धार थोडी बोथट होते, ते मान्य करूनच करायचं. मात्र एन लाइनला मागेही डिस्क असल्यामुळे 15 इंची रिम कॅलिपरला (डिस्कला चिमटीत धरणारा ब्रेकचा भाग) घासत नाही ना, हे रिम बसवून, हाताने चाक फिरवून बघितल्याशिवाय पैसे मोजू नका. टायरचा लोड इंडेक्स (किती भार झेपतो) आणि स्पीड रेटिंग (किती वेग झेपतो) मूळपेक्षा कमी नको. 87 म्हणजे एका टायरला 545 किलो, 88 म्हणजे 560.

रिम बदलायची नसेल तरी टायरची जात बदलता येते. त्याच साइजमध्ये एक्सएल लिहिलेला टायर जास्त भारासाठी बांधलेला असतो, त्याची बाजू बहुधा ताठ. गरज नसताना तो घेऊ नका. जुन्या बीएमडब्ल्यू किंवा मिनीवर रन-फ्लॅट (पंक्चर होऊनही थोडं अंतर चालणारे टायर) असतील तर साधे टायर लावल्यावर फरक मोठा पडतो, पण मग स्टेपनी किंवा पंक्चर किट सोबत हवंच. आणि टायरच्या बाजूवरच्या DOT कोडमधले शेवटचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी इतकं जुनं रबर कडक झालेलं असतं.

स्प्रिंगमधले रबरी बफर

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची चूक माझ्या मते ही. स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये अडकवायचे जाड पारदर्शक रबर ‘गाडी उचलली जाते, दणके कमी होतात’ म्हणून सर्रास विकले जातात. उचलली जाते हे खरं. पण स्प्रिंगचे वेढे जितके मोकळे, तितकी ती नरम. दोन वेढे रबराने बांधले की उरलेल्या वेढ्यांवर काम पडतं आणि स्प्रिंग आणखी कडक होते. गाडी जमिनीला घासत होती ती थांबते, म्हणून लोकांना फायदा झाल्यासारखा वाटतो. धक्के मात्र वाढलेले असतात, आणि ताण एकाच जागी पडत राहिला तर स्प्रिंग तडकूही शकते. मागे सतत चार माणसं आणि डिकीभर सामान नेणाऱ्याला त्याचा थोडा उपयोग असेल. मऊ राइड हवी असणाऱ्याने ते काढून टाकावेत.

स्प्रिंग कापून गाडी खाली बसवण्याबद्दल काय बोलायचं? लांबी कमी झाली की स्प्रिंग कडक होते, शिवाय बंप स्टॉप आणखी जवळ येतो. दोन्हीकडून नुकसान.

‘शॉकअप गेले’ म्हणण्याआधी

गाडी तीस-चाळीस हजार किलोमीटर चालली असेल आणि आधी नव्हता असा दणका आता लागत असेल, तर दोष ट्रिमचा नाही, झिजेचा आहे. पुढचं चाक वर उचलून लिंक रॉड (अँटी-रोल बारला जोडणारी छोटी दांडी) मुठीत धरा आणि झटका द्या. टकटक जाणवली तर तो गेला. लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणारा हात) बुश, म्हणजे रबरी जोड, फाटलेत का, स्ट्रट माउंटचं (शॉकअप वर जिथे बसतो तो भाग) रबर बसलंय का, शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओला ओघळ आहे का, हे बघायला दहा मिनिटं लागतात. नुसती धूळ चिकटलेली असेल तर घाबरू नका. ओघळ असेल तर तो संपला.

‘धप्प’ आवाजाचा शोध घ्यायची एक सोपी युक्ती आहे. डस्ट कव्हर वर सरकवून शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर एक प्लॅस्टिकची झिप टाय अलगद आवळा आणि कव्हर परत खाली घ्या. रोजच्या रस्त्यावर एक फेरी मारून या. टाय वर बंप स्टॉपपर्यंत ढकलली गेलेली दिसली, तर सस्पेन्शन खरोखर तळाला लागतंय. मधेच थांबली असेल तर दणक्याचं मूळ दुसरीकडे शोधा.

बदलायची वेळ आलीच, तर नाव बघून महागडे शॉकअप घेऊ नका. बिलस्टीन या शॉकअप कंपनीचा बी4 हा मूळ शॉकअपच्या जागी बसणारा, तर बी6 आणि बी8 स्पोर्टसाठी, म्हणजे आणखी कडक. आरामासाठी बी6 लावणारे आगीतून फुफाट्यात पडतात. कोनी या दुसऱ्या कंपनीचा स्पेशल अ‍ॅक्टिव्ह बारीक, वेगवान धक्क्यांना आपोआप नरम पडतो आणि वळणावर ताठ राहतो, पण तुमच्या मॉडेलसाठी तो मिळतो का, हे आधी बघा. साध्या ट्रिमचे स्प्रिंग-शॉकअप लावायचे असतील तर चारही कोपऱ्यांना, दोन्ही एकत्र. नरम स्प्रिंगवर कडक शॉकअप राहिला तर गाडी अडखळत दबते, आणि उलट केलं तर उसळत राहते. असे बदल करण्याआधी वॉरंटीचं काय आणि विम्याचं काय, हे लेखी विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे मूळ रचनेत मनमानी फेरफार करता येत नाहीत.

डॅशबोर्डवरच्या ड्राइव्ह मोडकडून फार अपेक्षा ठेवू नका. गाडीला अ‍ॅडॅप्टिव्ह (रस्त्याप्रमाणे कडक-नरम होणारे) शॉकअप नसतील तर ते बटण अ‍ॅक्सिलरेटर, स्टिअरिंग आणि गिअरबॉक्सशी खेळतं, सस्पेन्शनला हात लावत नाही. जाड सीट कव्हरनेही फरक पडत नाही, उलट सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर चुकीचं कव्हर धोक्याचं.

आता गॅरेजमधली चूक, जी तुमच्यासमोर होते आणि कळत नाही. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत, आणि मेकॅनिक आर्मचे बोल्ट तिथेच कचकचून आवळतो. रबरी बुश त्या लोंबत्या स्थितीत पकडला जातो. गाडी खाली आली की तो कायमचा पिळलेला राहतो, सस्पेन्शनला हलायला विरोध करतो आणि लवकर फाटतो. नवीन पार्ट टाकूनही गाडी कडकच लागते ती कधी कधी यामुळे. बोल्ट हाताने लावून घ्यायला सांगा, गाडी चाकांवर उभी करून दोन-तीनदा दाबून बसवा, मग रॅम्पवर किंवा पिटवर शेवटचा आवळा द्यायला सांगा. त्यानंतर अलाइनमेंट, आणि त्याचा छापील कागद मागून घ्या.