एंडोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतःच्या बाबतीत या चुका टाळाव्यात

सोलापुरात यंत्रमागावरचा कामगार पाठ धरून आला किंवा विड्या वळणारी बाई मनगट दाखवायला आली, की डॉक्टर आधी कामाचे तास विचारतात. एंडोस्कोपी कक्षात, म्हणजे कॅमेरा असलेली लवचीक नळी शरीरात घालून तपासणी करण्याच्या खोलीत, सकाळपासून उभा असलेला डॉक्टर मात्र हा प्रश्न स्वतःला विचारत नाही. धाराशिव, विजापूर, कलबुर्गीकडच्या रुग्णांना संध्याकाळपर्यंत घर गाठायचे असते, म्हणून यादी एका दमात संपवली जाते आणि मान, अंगठा, कंबर यांचे दुखणे थकव्याच्या खाती टाकले जाते. निरनिराळ्या पाहण्यांत ३९ ते ८९ टक्के एंडोस्कोपी तज्ज्ञांनी असे दुखणे नोंदवलेले असताना त्याला थकवा म्हणणे, ही पहिली चूक आहे.

मान दुखत असेल, तर उशी बदलण्याआधी मॉनिटर पाहावा. तो बहुधा भिंतीवर उंच किंवा एका बाजूला टांगलेला असतो. पडदा अगदी समोर आणि त्याचा मध्य नजरेच्या रेषेखाली १५ ते २५ अंशांवर असावा. खाटेचेही तसेच आहे. आधीच्या उंच सहकाऱ्याने लावलेली उंची तशीच ठेवून आपण खांदे उचलून काम करत राहतो. खाट आपल्या कोपराच्या पातळीपासून फार तर १० सेंटीमीटर खाली हवी, आणि ती खाली येतच नसेल, तर पायाखाली भक्कम, न हलणारी पायरी घ्यावी.

डाव्या अंगठ्याची गोष्ट जरा वेगळी आहे, कारण इथे दोष बराचसा उपकरणाचा आहे. स्कोपची, म्हणजे तपासणीच्या नळीची, टोक वळवणारी चाके सर्वांसाठी एकाच मापाची असतात, त्यामुळे लहान हाताच्या डॉक्टरला, विशेषतः अनेक स्त्री डॉक्टरांना, अंगठा ताणूनच ती फिरवावी लागतात. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवल्यावर मुळाशी कळ आली, तर डी क्वेर्वेनच्या विकाराची (अंगठ्याच्या कंडरांभोवतीचे आवरण मनगटापाशी जाड होऊन दुखण्याची) शंका घ्यावी. केवळ इंजेक्शन घेऊन त्याच पकडीने पुन्हा कामाला लागणे व्यर्थ आहे. दोन चाकांपैकी टोक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या लहान चाकासाठी शक्य तिथे उजवा हात वापरावा.

उजवे मनगट बिघडते ते कोलोनोस्कोपीत (मोठ्या आतड्याच्या तपासणीत) नळीचे वेटोळे पडलेले असतानाही ती जोराने पुढे रेटल्यामुळे. अशा वेळी नळी मागे ओढून सरळ करावी, रुग्णाची कूस बदलावी, सहायकाला पोटावर दाब द्यायला सांगावे. लागोपाठ कोलोनोस्कोपी न ठेवता मध्ये एखादी गॅस्ट्रोस्कोपी (जठराची तपासणी) घ्यावी.

ईआरसीपी (एंडोस्कोपी आणि क्ष-किरणांच्या मदतीने पित्त व स्वादुपिंडाच्या नलिकांवरील प्रक्रिया) करणाऱ्यांनी क्ष-किरणांपासून बचावासाठीचा एकसंध शिशाचा एप्रन खांद्यांवर वागवू नये. दोन भागांच्या एप्रनचा बराच भार कमरेवर पेलला जातो.

बोटांना मुंग्या येणे, रात्री दुखण्याने जाग येणे किंवा हातातली वस्तू निसटणे सुरू झाले असेल, तर वेदनाशामक गोळीवर यादी उरकू नये. त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञाला हात दाखवावा.