बिग हीली रॅलीला नेण्याआधी तिच्या पोटाखाली शिरा

माझी ऑस्टिन-हीली 3000, म्हणजे ‘बिग हीली’ नावाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, बघायला येणारा प्रत्येक जण आधी बॉनेट उघडायला सांगतो. मी त्याच्या हातात जुनी चटई देतो आणि म्हणतो, आधी खाली शिरा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हात काळे केलेला मी माणूस, आता बर्मिंगहॅमजवळ राहतो. या गाडीचे सगळे रुसवे मला पोटाखालीच सापडले.

इंजिनची फार काळजी नको. 2912 सीसीचं, एका रांगेतले सहा सिलिंडर, बैलासारखं ताकदवान. घोडं अडतं ते उंचीपाशी: सायलेन्सर आणि जमीन यांच्यामध्ये जेमतेम साडेचार इंच. अशाच गाडीतून पॅट मॉस आणि ॲन विझडम या दोघींनी 1960 ची लिएज-रोम-लिएज ही लांब पल्ल्याची रॅली जिंकली, युगोस्लाव्हियाच्या दगडधोंड्यांतून, जवळपास न झोपता. मी वेल्समधल्या एका शेतरस्त्यावर अर्ध्या मैलात पाइप उपटून ठेवला होता! गाडी बनवणाऱ्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीच्या ॲबिंग्डनमधल्या रॅली खात्याने पुढे सायलेन्सर बाजूने, मागच्या चाकाच्या अलीकडे बाहेर काढला. तुम्हाला तेवढं जमणार नसेल तर निदान क्लॅम्पचे नट-बोल्ट खाली लोंबू देऊ नका, वर किंवा आडवे फिरवून बसवा. रबरी हँगर नवे घाला. संपखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याखाली, जाड पत्र्याचा गार्ड हवाच.

मग चासीच्या दोन्ही लांब पट्ट्यांवर हातोडीचा दांडा वाजवत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आतून गंज. पोचे चालतील, त्या जुन्या जॅकच्या खुणा असतात. ताजा काळा डांबरी लेप दिसला की मात्र संशय घ्या.

चाकांना वेळ द्या. तारांच्या प्रत्येक स्पोकवर स्पॅनरने टिचकी मारा, सगळे साधारण एकाच सुरात वाजले पाहिजेत. चाक काढून हबवरचे, म्हणजे चाक ज्यावर चढतं त्या मधल्या भागावरचे, दाते बघा. टोकं धारदार झाली असतील, लालसर भुकटी दिसत असेल, तर हब आणि चाक दोन्ही गेले. गाडी पुढे-मागे घेताना ‘टक्’ आवाज येतो तो याचाच. दाते चांगले असतील तर ग्रीस लावून चाक चढवा.

चाक धरून ठेवणारा मधला कानवाला नट तांब्याच्या हातोड्यानेच ठोकायचा. डाव्या बाजूला सरळ आटे, उजवीकडे उलटे. पहिल्या वर्षी मी उजवा नट सोडवतोय असं समजून वीस मिनिटं घाम गाळत तो आवळत होतो. बायको शेजारी उभी राहून नटावर कोरलेला बाण दाखवत होती. दुरुस्तीत कुणी डावे-उजवे हब अदलाबदल केले असतील तर मात्र चालत्या गाडीत नट आपोआप सैल होतो. ते डोळ्यांनी तपासा.

आता उष्णता. या गाडीत पायांची भाजी होते. कारखान्याच्या रॅली गाड्यांना पुढच्या मडगार्डमध्ये हवेसाठी झरोके कापले होते. मी पत्रा कापणार नाही. रात्री बॉनेटखाली दिवा लावा, आत पाय ठेवायच्या जागेत वाकून बघा. जिथून उजेड येईल तिथून गरम हवाही येते. ती भोकं बुजवा, गिअरबॉक्सवरच्या आवरणाच्या कडाही.

ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा जादा गिअर) असेल तर एकच पथ्य: ते सुटल्याची खात्री झाल्याशिवाय रिव्हर्स टाकू नका. आतला क्लच फुटतो.

निघाल्यावर पहिल्या 50 मैलांनी थांबा आणि चारही नट पुन्हा ठोका. आमच्याकडे हातोडा आता बायकोच्या ताब्यात असतो, तोवर मी थर्मासमधला चहा ओततो.