बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचा इतिहास शोधताय? या चुका टाळा

‘ही लाइन कधी सुरू झाली?’ या प्रश्नाला एकच साल शोधत बसणं, ही पहिली आणि सर्वांत जास्त गोंधळ करणारी चूक. बार्शी लाइट रेल्वेचंच बघा. कंपनी १८९५ मध्ये लंडनमध्ये नोंदली गेली. बार्शी रोड (आजचं कुर्डुवाडी) ते बार्शी गाडी १८९७ मध्ये धावू लागली. पंढरपूरपर्यंत रूळ पोचले १९०६ मध्ये, लातूरपर्यंत १९११ मध्ये आणि मिरजेपर्यंत थेट १९२७ मध्ये. यातलं कुठलंही साल खोटं नाही, पण एकाने १८९७ लिहावं, दुसऱ्याने १९११, आणि तिसऱ्याने दोघांना चूक ठरवावं, असं नेहमी होतं. म्हणून आधी टप्प्यांचा तक्ता करा: कुठून कुठे, मंजुरी कधी, जमीन कधी घेतली, गाडी कधी सुटली. रेल्वे बोर्डाच्या ‘हिस्टरी ऑफ इंडियन रेल्वेज, कन्स्ट्रक्टेड अँड इन प्रोग्रेस’ या प्रकाशनात प्रत्येक भागाचं अंतर आणि उद्घाटनाची तारीख दिलेली असते. सुरुवात तिथून करावी.

शेवटाची तारीख त्याहून अवघड. शेवटची गाडी धावली तो दिवस, मार्ग बंद केल्याचा आदेश निघाला तो दिवस आणि रूळ उखडले ते वर्ष, या तीन वेगळ्या घटना आहेत. शिवाय दुसऱ्या महायुद्धात काही शाखामार्गांचे रूळ काढून नेले गेले आणि काही ठिकाणी ते पुढे परत टाकले. हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यातला नगरोटा ते जोगिंदरनगर हा भाग १९४२ मध्ये बंद झाला आणि १९५४ मध्ये पुन्हा सुरू झाला. अशा मार्गाबद्दल एक आजोबा ‘गाडी लढाईत बंद पडली’ म्हणतील, दुसरे ‘मी साठ साली त्याच गाडीने गेलो’ म्हणतील, आणि दोघंही खरं बोलत असतील. बार्शी लाइट तर रूढ अर्थाने बंदही पडली नाही, तिचं ब्रॉडगेज झालं, म्हणजे अरुंद रुळांच्या जागी रुंद अंतराचे रूळ आले. मात्र कुर्डुवाडी–लातूर मार्ग उस्मानाबादवरून, म्हणजे आजच्या धाराशिववरून नेल्यामुळे जुन्या वाटेचा काही भाग बाजूला पडला. गाडी थांबली, गेज बदललं की वाट बदलली, हे स्पष्ट न लिहिल्यास वाचकाची दिशाभूल होते.

शोधून काही सापडत नसेल, तर आधी नाव तपासा. कुर्डुवाडी जुन्या कागदांत ‘बार्शी रोड’ आहे. अचलपूर ‘एलिचपूर’ आहे, यवतमाळ ‘यिओटमल’. आजच्या स्पेलिंगने शोधणाऱ्याला वाटतं कागदच नाहीत. स्टेशनागणिक सगळ्या नावांची वही ठेवा.

त्यानंतरची चूक म्हणजे सगळं मुंबईच्या पुराभिलेखागारातच मिळेल असं मानणं. रेल्वेचा कागद त्या काळच्या राज्यकर्त्याच्या दप्तरात जातो, आजच्या जिल्ह्याच्या नव्हे. बार्शी इंग्रजी मुलखात होती, लातूर निजामाच्या राज्यात. त्यामुळे एकाच मार्गाची एक बाजू मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात शोधावी लागते आणि दुसरी हैदराबादेत, तीही बहुधा उर्दूत. मिरजेकडे वळलात की संस्थानं सुरू होतात. वऱ्हाडचा कारभार १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेला होता, म्हणजे मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गासाठी आधी नागपूर. कंपनी लंडनची असेल तर ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे (लंडनहून भारताचा कारभार बघणाऱ्या खात्याचे) कागद विसरू नका. माझ्या मते या कामातला निम्मा वेळ चुकीच्या दाराशी जातो. म्हणून १९०१, १९३१ आणि १९५१ च्या सरहद्दी नकाशावर काढून त्यावर आपला मार्ग ठेवावा आणि मगच प्रवासाचं तिकीट काढावं.

मालक आणि चालवणारा एकच समजू नका. मूर्तिजापूर–यवतमाळची, ‘शकुंतला’ म्हणून ओळखली जाणारी लाइन सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. तिची व्यवस्थापक मुंबईची किलिक निक्सन कंपनी, पण गाड्या चालवायची जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. ‘ती अजून इंग्रजांच्या मालकीची आहे’ हे वाक्य इतक्यांदा छापलं गेलंय की कुणी तपासतच नाही. कंपनी कुठे नोंदली होती, शेअर कुणाकडे होते, करार काय होता, हे पाहिल्याशिवाय ते वाक्य पुढे नेऊ नये.

कंपनीचे कागद संपले तर इंजिनिअरचा माग काढा. बार्शी लाइटचे एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनीच इंग्लंडमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड या मार्गाचं काम पाहिलं. गेज तेच, दोन फूट सहा इंच. तो मार्ग १९०४ मध्ये सुरू झाला आणि १९३४ मध्ये बंद पडला. त्याच्या अभ्यासकांनी बार्शीबद्दलही पुष्कळ लिहून ठेवलंय. बार्शीची सुरुवातीची इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्यातली, त्यामुळे कारखान्याच्या यादीतूनही तारखा जुळवता येतात.

नकाशा वापरताना छपाईचं साल म्हणजे पाहणीचं साल नव्हे. समासातली बारीक अक्षरं आधी वाचा. उपग्रहचित्रावरची प्रत्येक सरळ रेषाही रेल्वे नसते. कालवा आणि भराव वरून सारखेच दिसतात, म्हणून मोऱ्या आणि पुलांचे खांब प्रत्यक्ष पाहावेत.

आणि माणसं. गँगमन, पॉइंट्समन, स्टेशनजवळ राहिलेली कुटुंबं यांच्याकडे जे आहे ते कुठल्याच दप्तरात नाही. फक्त त्यांना साल विचारू नका. ‘पोलीस अॅक्शनच्या आधी की नंतर?’, ‘बहात्तरच्या दुष्काळात गाडी होती का?’, ‘किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी रूळ होते का?’ असं विचारा. उत्तर लगेच येतं आणि बहुतेक वेळा ते कागदाशी ताडून बघता येतं. बोलणं रेकॉर्ड करायची परवानगी घ्या आणि पहिल्याच भेटीत फोटो मागू नका.

माहिती अधिकारात अर्ज करताना ‘अमुक मार्गाचा इतिहास द्यावा’ असं लिहिलं तर हाती काही लागत नाही. तो कायदा असलेला कागद देतो, नवा निबंध लिहून देत नाही. मार्ग बंद केल्याच्या आदेशाची प्रत, रूळ विक्रीच्या निविदेची प्रत, अमुक स्टेशनच्या जमिनीचा आराखडा, असा एकेक कागद नाव घेऊन मागा. विभागीय कार्यालयाकडे नसेल तर अर्ज झोनल मुख्यालयाकडे वर्ग करण्याची विनंती त्याच अर्जात करून ठेवा.