एका वेळी एक स्वर : ‘स्विच्ड-ऑन बाख’च्या पद्धतीने एक छोटी रचना घरी कशी ध्वनिमुद्रित करावी

१९६८ साली कोलंबिया कंपनीने काढलेला ‘स्विच्ड-ऑन बाख’ हा अल्बम ऐकताना असे वाटते की, सिंथेसायझरपुढे, म्हणजे विजेच्या साहाय्याने स्वर निर्माण करणाऱ्या वाद्यापुढे, बसून कोणीतरी जर्मन संगीतकार बाखच्या रचना सलग वाजवीत गेले असावे. प्रत्यक्षात रॉबर्ट मूग यांनी घडविलेल्या त्या यंत्रातून एका वेळी एकच स्वर निघत असे. त्यामुळे हा अल्बम करणाऱ्या संगीतकार वेंडी कार्लोस यांना प्रत्येक स्वररेषा स्वतंत्रपणे वाजवून, स्वतः जुळविलेल्या आठ ट्रॅकच्या टेपरेकॉर्डरवर ती आधीच्या रेषांच्या जोडीला बसवावी लागली. एखाद्या ठिकाणी तीन स्वरांचा मेळ हवा असेल, तर तेही तीनदा वाजवूनच. शिवाय यंत्राचा सूर थोड्या वेळात ढळत असल्याने काही अंश वाजवायचा, थांबायचे, सूर तपासायचा आणि पुढे सरकायचे, असे ते काम कित्येक महिने चालले. त्याचे फळ असे की, या अल्बमला तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले आणि अभिजात संगीताच्या विक्रीयादीत तो वर्षानुवर्षे अग्रभागी राहिला.

ही पद्धत आज संगणकावर विनामूल्य करून पाहता येते, आणि अल्बम नीट कळण्याचा तोच सर्वांत चांगला मार्ग आहे असे माझे मत आहे. मात्र सुरुवातीला मूळ ध्वनिमुद्रण मिळवून ऐकावे. कार्लोस यांचे संगीत सहसा स्ट्रीमिंग सेवांवर सापडत नाही, म्हणून जुन्या तबकड्यांच्या विक्रेत्यांकडे किंवा वापरलेल्या सीडींमध्ये शोध घ्यावा. पहिल्या प्रतींवर त्यांचे पहिले नाव वेगळे छापलेले असल्याने शोधताना ‘कार्लोस’ या आडनावावर लक्ष ठेवावे.

सरावासाठी याच अल्बममध्ये असलेले, एफ मेजरमधील दोन रेषांचे इन्व्हेन्शन, म्हणजे बाखची एक छोटी रचना, निवडावे. त्याचे स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य पद्धतीची स्वरलिपी) इंटरनेटवर मुक्तपणे उपलब्ध आहे. रचना तीन मात्रांच्या बारमध्ये (मात्रांच्या गटात) आहे आणि एकूण ३४ बारची आहे. एफला षड्ज मानले, तर पहिल्या बारमध्ये उजव्या हाताला सा ग सा प सा सां असे सहा स्वर दुगुणीत येतात, दुसऱ्या बारपासून चौगुणीतली उतरती धाव सुरू होते आणि त्याच क्षणी डावा हात एक सप्तक खाली तोच मुखडा घेऊन निघतो. एक रेष दुसरीचा असा पाठलाग करीत राहते. म्हणजे दोनच ट्रॅक लागतील, तरीही दोन रेषा वेगळ्या ऐकू येतात की नाही, याची खरी परीक्षा होईल.

साधनांमध्ये व्हीसीव्ही रॅक हे मॉड्युलर सिंथेसायझरची नक्कल करणारे सॉफ्टवेअर आणि ऑडॅसिटी हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर पुरेसे आहे. दोन्ही विनामूल्य मिळतात. मिडी कीबोर्ड (संगणकाला जोडायचा पट्ट्यांचा कीबोर्ड) असल्यास उत्तम, नसल्यास संगणकाच्या कळाही चालतात, मात्र त्यांना दाबाचा फरक कळत नाही. कार्लोस यांनी मूग यांच्याकडून दाबाला प्रतिसाद देणारा कीबोर्ड मुद्दाम करवून घेतला होता, हे ध्यानात घेतले तर या उणिवेचे मोल कळेल.

आता जोडणी. कीबोर्डचा पिच सिग्नल, म्हणजे स्वराची उंची सांगणारा संकेत, लहर निर्माण करणाऱ्या ऑसिलेटरला द्यावा, ऑसिलेटरचा आवाज नादाची धार कमीजास्त करणाऱ्या फिल्टरमध्ये आणि फिल्टरचा आवाज ॲम्प्लिफायरमध्ये न्यावा. कीबोर्डच्या गेट सिग्नलने (कळ दाबलेली आहे एवढेच सांगणारा संकेत) एन्व्हलप, म्हणजे स्वराचा उठाव आणि उतार ठरवणारा भाग, सुरू करावा आणि त्या एन्व्हलपने ॲम्प्लिफायर व फिल्टर या दोघांचेही नियंत्रण करावे. वायर नेहमी एकाच्या आउटपुटमधून दुसऱ्याच्या इनपुटमध्ये जाते, हे सांगण्याची गरज भासू नये. पण अल्बमच्या पहिल्या मुखपृष्ठावर बाखच्या वेषातल्या गृहस्थांनी घातलेल्या हेडफोनची वायर चक्क फिल्टरच्या इनपुटमध्ये खोचलेली होती, तेव्हा चूक कोणाचीही होऊ शकते.

वरच्या रेषेसाठी करवतीच्या दात्यांसारखी, म्हणजे सॉटूथ लहर घ्यावी आणि फिल्टर इतका मिटवावा की आवाज किंचित दबलेला वाटेल; एन्व्हलप त्याला प्रत्येक स्वराच्या आरंभी क्षणभर उघडील आणि तंतुवाद्य छेडल्याचा भास होईल. खालच्या रेषेसाठी पल्स लहर घ्यावी, कारण तिचा पोकळ, नाकातला नाद सॉटूथपासून कानाला सहज निराळा काढता येतो. एकच ऑसिलेटर कोरडा वाटत असेल, तर त्याच स्वरात दुसरा जोडून तो सप्तकाच्या बाराशे भागांपैकी पाच भाग इतका वर सरकवावा. मधल्या एफवर त्याने सेकंदाला साधारण एकदा आवाजाचा चढउतार ऐकू येतो आणि नादाला जिवंतपणा येतो. त्याहून अधिक सरकवल्यास बाखऐवजी जत्रेतला बाजा ऐकू येऊ लागतो.

येथवरचे काम तासाभरात होते. खरी मेहनत स्वराच्या शेवटात आहे, आणि बहुतेकांचे प्रयत्न फसतात ते तेथेच, कारण लोक नादाच्या शोधात बटणे फिरवीत बसतात. मिनिटाला ९६ मात्रांच्या लयीत एक मात्रा ६२५ मिलिसेकंदांची होते, दुगुणीचा स्वर सुमारे ३१२ आणि चौगुणीचा १५६ मिलिसेकंदांचा. आता एन्व्हलपचा रिलीज, म्हणजे कळ सोडल्यावर स्वर विरण्याचा वेळ, ३०० मिलिसेकंद ठेवला, तर धावेतल्या प्रत्येक स्वराचे शेपूट पुढच्या स्वराच्या अंगावर पडते. ऑसिलेटर एकच असल्याने ते शेपूटसुद्धा नव्या स्वराच्या उंचीवर उडी मारते आणि दोन स्वरांमध्ये हवी ती फट उरत नाही. म्हणून अटॅक (स्वर उठण्याचा वेळ) ५ ते १०, डीके (उठल्यावर थोडा खाली येण्याचा वेळ) २०० ते २५०, सस्टेन (कळ दाबून ठेवल्यावर टिकणारी पातळी) चाळीस टक्क्यांच्या आसपास आणि रिलीज ५० ते ७० मिलिसेकंद येथून आरंभ करावा. मग कानाने ठरवावे.

त्याबरोबर बोटांची सवयही बदलावी लागते. हार्मोनियमवर हात बसलेला वादक पुढची पट्टी दाबल्यावर मागची सोडतो, कारण तेथे स्वर जोडून घेणे हेच कौशल्य असते. येथे तसे केल्यास गेट मिटतच नाही, एन्व्हलप नव्याने सुरू होत नाही आणि सहा स्वरांची एक सलग रेघ तयार होते. कीबोर्ड मॉड्यूलमध्ये रिट्रिगरची, म्हणजे प्रत्येक नव्या कळेला एन्व्हलप आपोआप पुन्हा सुरू करण्याची, सोय असते. ती मुद्दाम वापरू नये, म्हणजे प्रत्येक स्वर कोठे सोडायचा याचा निर्णय बोटालाच घ्यावा लागेल. मुखड्यातले दुगुणीचे स्वर निम्म्यावर सोडून पाहावेत आणि धावेतले जवळजवळ पूर्ण धरावेत. मुखडा उडता राहतो, धाव वाहती राहते आणि पाठलाग करणारी दुसरी रेष कोठे शिरली ते आपोआप कळते. हा विराम दोन्ही रेषांत सारखाच ठेवणे अत्यावश्यक आहे, नाहीतर एकाच मुखड्याचे दोन भाऊ परके वाटू लागतात.

ध्वनिमुद्रण करताना ऑडॅसिटीमध्ये मेट्रोनोमचा ट्रॅक तयार करून तो एका कानात ऐकावा आणि सिंथेसायझरचा आवाज व्हीसीव्ही रॅकच्या रेकॉर्डर मॉड्यूलने फाइलमध्ये उतरवावा. प्रत्येक फेरीच्या आधी मेट्रोनोमबरोबर चार आखूड ठोके सिंथेसायझरवरच वाजवावेत, म्हणजे नंतर दोन ट्रॅक त्या ठोक्यांवर जुळवता येतात. जुळवणी झाली की ठोके कापून टाकावेत. चार-चार बारचे तुकडे घ्यावेत. एक फेरी बिघडली तर सगळे पुन्हा वाजवण्याची गरज नाही, त्या चार बारांपुरती दुरुस्ती करावी. प्रत्यक्ष ॲनलॉग यंत्र वापरत असल्यास ते अर्धा तास आधी सुरू ठेवावे आणि प्रत्येक तुकड्यानंतर एफ स्वर तंबोऱ्याच्या ॲपशी ताडून पाहावा.

मिश्रणाच्या वेळी वरची रेष किंचित उजवीकडे आणि खालची किंचित डावीकडे पॅन करावी (स्टिरिओत त्या बाजूला सरकवावी), आणि घुमारा अगदी अल्प द्यावा. मोठ्या चर्चचा घुमारा लावण्याचा मोह आवरावा, कारण इतक्या परिश्रमाने मोकळ्या केलेल्या फटी तो एका क्षणात भरून टाकतो. त्यानंतर एकेक ट्रॅक बंद करून दुसरा एकटा ऐकावा. खालची रेष एकटीने ऐकताना कंटाळवाणी वाटली, तर ती पुन्हा वाजवावी, कारण बाखच्या रचनेत साथीला बसलेले कोणीच नसते.

दोन रेषांवर हात बसल्यावर याच अल्बममधील ब्रँडेनबर्ग कंचर्टो क्रमांक तीनकडे वळता येईल, जेथे एकच ओळ तुकड्यातुकड्यांनी निरनिराळ्या नादांत वाटलेली ऐकू येते. त्याच्या मधल्या अडाजिओसाठी (संथ भागासाठी) बाखने केवळ दोन मेळस्वर लिहून ठेवले आहेत. बाकीचे कार्लोस यांनी स्वतः रचले. तेथे नोटेशन हाताशी नसेल, आणि जुळविलेले यंत्र तेवढे समोर असेल.