दारू सोडायच्या मीटिंगला जाताना या चुका टाळा

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे एए, या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेचे गट गोव्यात पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को, फोंडा अशा ठिकाणी भरतात. तरीही पुष्कळ जण एक-दोन मीटिंगनंतर दिसेनासे होतात. कारण बहुधा मीटिंगमध्ये नसते, जाण्याच्या पद्धतीत असते.

डॉक्टरांआधी मीटिंग

ही सगळ्यांत धोक्याची चूक. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली की ६ ते १२ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना नसलेली माणसे दिसतात, वेळ-स्थळाचे भान जाते, ताप चढतो. यात जीव जाऊ शकतो, आणि मीटिंग हा त्यावरचा इलाज नाही. बांबोळीच्या मानसोपचार इस्पितळात, म्हणजे आयपीएचबीत, किंवा जवळच्या सरकारी इस्पितळात आधी दाखवा. किती पिता आणि शेवटचा घोट कधी घेतला ते खरे सांगा. पूर्वी कधी फिट किंवा भ्रम झाला असेल तर घरच्या घरी सोडण्याचा प्रयत्न करूच नका. फिट आली, बडबड सुरू झाली तर लगेच १०८.

गोळ्या आणि मीटिंग दोन्ही एकत्र चालतात. गटातला कोणी ‘गोळ्या कशाला घेतोस’ म्हणाला म्हणून औषध बंद करू नका. औषधाबद्दल सल्ला देणे हे सभासदाचे काम नाही, एएचीही भूमिका तीच आहे.

घरच्यांनी जेवणात नकळत डायसल्फिरामची, म्हणजे दारू सोडवण्यासाठी देतात ती, गोळी मिसळणे तर पूर्ण बंद करावे. ती पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी मृत्यू येतो. गोळी थांबवल्यावरही हा धोका साधारण दोन आठवडे राहतो. ती घ्यायची तर घेणाऱ्याला सांगून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

जुन्या यादीवरचा पत्ता

दाराशी पोचावे तर कुलूप, आणि त्याच पावली माणूस बारमध्ये. असे होऊ नये म्हणून निघण्यापूर्वी गटाला फोन करा. आज मीटिंग नक्की आहे का, आत जायचे कुठून, बोलणे कुठल्या भाषेत होते, ओपन आहे की क्लोज्ड, हे विचारा. ओपन मीटिंगला घरचे माणूस सोबत येऊ शकते. क्लोज्ड फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. फेस्त, चवथ, नाताळ, निवडणूक या दिवसांत हॉल दुसऱ्या कामाला जातो, तेव्हा तर फोन हवाच. बाहेर मोठा फलक असेलच असे नाही, म्हणून कोणाला तरी गेटपाशी उभे राहायला सांगा. लोक आनंदाने थांबतात. फोन शक्यतो पिणाऱ्याने स्वतः करावा.

मीटिंग चर्चच्या हॉलात असली की डिचोली, सत्तरी, पेडण्याकडच्या काही घरांत ‘चर्चच्या हॉलात कशाला?’ असा प्रश्न निघतो. खोली सोयीची असते, एवढेच. एए कुठल्याही धर्माशी बांधलेली नाही, आणि बारा पायऱ्यांतला, म्हणजे एएच्या दारूमुक्तीच्या कार्यक्रमातला, देव ज्याला जसा उमगेल तसा. कोकणी-इंग्रजी चालू असताना तुम्ही मराठीत बोललात तर कोणी अडवत नाही. पहिल्या दिवशी नुसते ऐकले तरी चालते. ओळखीचे कोणी भेटेल ही भीती गोव्यात खरीच आहे, पण तोही त्याच कामासाठी आलेला असतो. अगदीच नको वाटले तर सुरुवातीला शेजारच्या तालुक्यातला गट धरा.

उशिरा येणे, लवकर पळणे

मीटिंग साधारण तास-दीड तासाची. पंधरा मिनिटे आधी या, पंधरा मिनिटे नंतर थांबा, कारण ओळखी त्याच वेळात होतात. निदान तिघांचे नंबर घ्या आणि दुसऱ्याच दिवशी, काही अडचण नसताना, एक फोन करा. तल्लफ आली की अनोळखी नंबर लावायला बोट धजत नाही. एकदा बोलणे झालेले असेल तर लावता येतो. आतल्या गावी परतायचे असेल तर रात्रीच्या बसची वेळ आधीच बघून ठेवा, नाहीतर तेच न जाण्याचे निमित्त होते.

फी नसते. वर्गणीचा डबा फिरतो, त्यात नवख्याने काही टाकलेच पाहिजे असे नाही. गटात उसने पैसे देऊ-घेऊ नका, त्यापायी माणसे यायची थांबतात.

एका मीटिंगवरून निकाल देऊ नका. वेगवेगळ्या गटांच्या पाच-सहा बघा आणि मग एक आपला धरा. पहिले ९० दिवस रोज एक मीटिंग अशी जुनी रीत आहे. वाळपईहून रोज जमणार नाही, तिथे मधले दिवस ऑनलाइन मीटिंगने भरा. स्पॉन्सर, म्हणजे नवख्याला सोबत करणारा जुना सभासद, निवडताना बरीच वर्षे न पिता राहिलेला, पुरुषाने पुरुष आणि बाईने बाई असा बघा.

पुन्हा प्यायल्यावर तोंड लपवणे

हुर्राकाचे, म्हणजे काजूच्या ताज्या दारूचे दिवस, कार्निव्हल, लग्नसराई: पाय घसरण्याचे हे ठरलेले काळ. या दिवसांत मीटिंगा वाढवा. घसरलात तर पुढच्याच मीटिंगला जा, हजेरीतून नाव कापले जात नाही. पिऊन आलेल्याला गडबड न केल्यास बहुधा बसू देतात, फक्त गाडी चालवत येऊ नका. सलग काही दिवस प्यायला असाल तर पुन्हा एकदम तोडू नका, आधी डॉक्टर. १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन मोफत आहे.

घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन हा वेगळा गट असतो. पिणारा मीटिंगला जात नसला तरी त्याच्या बायकोने, आईने तिथे जायला हरकत नाही.