चिंचिलाचा मुतखडा आणि ऑपरेशनआधीचे दिवस : या चुका टाळा

येत्या गुरुवारी सकाळी आमच्या भुऱ्याचं ऑपरेशन आहे. भुऱ्या म्हणजे साडेचार वर्षांचा नर चिंचिला, दाट मऊ लवेचा, गवत खाणारा, कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गटातला छोटा जीव, वजन ५४० ग्रॅम. एक्स-रेवर त्याच्या मूत्राशयात मुगाच्या दाण्याएवढा पांढराशुभ्र ठिपका दिसला, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. पुण्यात कुत्र्या-मांजरांबद्दल विचारायला दहा माणसं भेटतात. चिंचिला म्हटलं की निम्म्यांना तो उंदीर वाटतो, निम्म्यांना ससा. गेल्या तीन आठवड्यांत आम्ही काही गोष्टी चुकलो, काही चुकता चुकता वाचलो. तुमच्या घरीही हा प्राणी असेल आणि त्याच्या लघवीत आज काहीतरी वेगळं दिसलं असेल, तर हे तुमच्यासाठी.

"खातोय ना, मग ठीक आहे"

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. रात्री दोनच्या सुमाराला पिंजऱ्यातून बारीक कण्हल्यासारखा आवाज आला. दिवा लावला तर भुऱ्या कोपऱ्यात पाठीची कमान करून, शेपटी वर धरून बसलेला. बराच वेळ कुंथला आणि फळीवर तीन थेंब पडले. सकाळी त्याने मनुका हातातून घेतला, म्हणून आम्ही दोन दिवस थांबलो. थांबायला नको होतं. चिंचिला हा दुसऱ्यांची शिकार होणारा प्राणी आहे, दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच असतं. तो आवडीचा खाऊ शेवटपर्यंत घेतो. आधी कमी होतं ते गवत.

पुन्हा पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसणं, थेंब थेंब लघवी, पोटाखालची लव ओली राहणं, दात करकरणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नर कुंथतोय आणि लघवी अजिबात होत नाही, असं असेल तर सकाळची वाट बघू नका. खडा मूत्रमार्गात अडकला की मूत्रपिंडांवर ताण येतो आणि एका दिवसात जिवावर बेतू शकतं. खड्यांचा त्रास होतो तोही प्रामुख्याने नरांनाच, कारण त्यांचा मूत्रमार्ग लांब आणि अरुंद असतो.

उलट बाजूची चूकही होते. चिंचिलाची लघवी पिवळ्यापासून गडद नारिंगीपर्यंत कशीही असते आणि कापडावर वाळली की गंजासारखी लाल दिसते. तो रंग रक्ताचाच असेल असं नाही. दवाखान्यात पट्टी बुडवून एका मिनिटात कळतं. मादी असेल तर आणखी एक बाब लक्षात ठेवा. तिचा लघवीचा मार्ग आणि योनी वेगवेगळे असतात, त्यामुळे रक्त गर्भाशयातूनही येत असू शकतं. तिथला लहानसा उंचवटा बघून मादीला नर समजणारेही पुष्कळ आहेत. तेव्हा आधी आपल्याकडे नक्की काय आहे हे डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. नर असेल तर लिंगाभोवती केसांचं कडं अडकलंय का, हेही बघायला सांगा. त्यानेही लघवी तुंबते. ते कडं घरी ओढून काढू नका, वंगणाची जेली लावून अलगद सोडवावं लागतं.

औषधाचं नाव न वाचता डोस देणं

इथे मला जरा थांबून सांगायचंय. पहिल्या दवाखान्यात, घराजवळचा म्हणून गेलो होतो तिथे, लघवीचा जंतुसंसर्ग म्हणून अमॉक्सिसिलिनचं पातळ औषध लिहून दिलं. कुत्र्याला चालतं, लहान मुलांना चालतं, चिंचिलाला मात्र जीवघेणं ठरू शकतं. गवत पचवण्यासाठी त्याच्या आतड्यात जे जंतू लागतात, ते तोंडावाटे दिलेल्या पेनिसिलिन गटातल्या औषधांनी मरतात. त्यांच्या जागी विष तयार करणारे जंतू माजतात, मग जुलाब लागतात आणि दोन-चार दिवसांत खेळ संपतो. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही नावं एका कागदावर लिहून पिंजऱ्याला चिकटवून ठेवा. आमच्याकडे आता ती चिकटवलेली आहेत. त्या संध्याकाळी बाटली फोडायच्या आधी मी नाव तपासलं म्हणून भुऱ्या आज आहे. एन्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा चिंचिलाला सहसा सोसतात, पण डोस डॉक्टरच ठरवतील. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा घरात पडलेली कुठलीही वेदनाशामक गोळी चुरून देऊ नका.

पहिल्या डॉक्टरांना अपमान वाटेल म्हणून दुसऱ्यांकडे जायला आम्ही संकोचत होतो. संकोच करू नका. ससे, गिनीपिग, चिंचिला नेहमी बघणारे आणि त्यांना भूल देण्याची सवय असलेले डॉक्टर शोधा, मग ते तासाभराच्या अंतरावर असले तरी चालतील.

पानफुटी आणि कुळथाचं कढण

मुतखडा म्हटलं की आपल्याकडे प्रत्येकाकडे उपाय तयार असतो. सासूबाईंनी मायेने कुंडीतली पानफुटीची दोन पानं खुडून आणली. शेजारच्या काकूंनी कुळथाचं कढण सुचवलं, भावाने नारळपाणी. पानफुटी अजिबात नको. तिच्यात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात, ती खाऊन गुरंसुद्धा दगावतात. अर्ध्या किलोच्या जिवाची काय कथा! कुळीथ आणि नारळपाणी यांतल्या पिष्ट-साखरेने पोट फुगण्याची भीती.

आणि मूळ मुद्दा असा, की चिंचिलाचे खडे बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. ते कुठल्याही औषधाने किंवा काढ्याने विरघळत नाहीत. बाहेर काढावेच लागतात. हे सासूबाईंना एक्स-रे दाखवून समजावलं. आता त्याच रोज सकाळी त्याच्या लेंड्या मोजतात.

ऑपरेशनच्या तोंडावर आहार बदलणं

देवळाबाहेर गाईसाठी मिळते ती लसूणघासाची पेंढी आम्ही सावलीत वाळवून त्याला घालायचो, हिरवं आहे, ताजं आहे म्हणून. त्यात कॅल्शियम भरपूर असतं. वाढत्या पिल्लाला किंवा गाभण मादीला ठीक, मोठ्या नराला रोज नको. मात्र सगळा दोष घासावर टाकून मोकळं होता येत नाही. सशाच्या शरीरातलं जादा कॅल्शियम लघवीतून जातं, चिंचिलाचं बरंचसं लेंडीवाटे. त्यामुळे कॅल्शियम कमी केलं की खडे थांबले, असा सरळ हिशोब इथे बसत नाही. आहारात मुख्य टिमोथीसारखं साधं वाळलं गवत, मोजकी गोळीपेंड आणि भरपूर पाणी, एवढं धरून चाला.

पण हा बदल आज कळला म्हणून आजच करू नका. आम्ही घास एकदम बंद केला आणि दुसऱ्या दिवशी लेंड्या निम्म्या झाल्या, त्याही बारीक आणि कोरड्या. पोट मंदावलेला चिंचिला भुलेवर जाणं फार धोक्याचं. नवं गवत जुन्यात मिसळत दहा-बारा दिवसांत बदल करा, आणि तेवढे दिवस हातात नसतील तर आहार आहे तसाच ठेवून बदल टाके सुकल्यावर करा.

पाण्याची बाटली रोज तपासा. नळीतला गोळा अडकला की बाटली भरलेली दिसते आणि प्राणी तहानलेला राहतो. दोन बाटल्या लावा, बाहेर चिकटपट्टीवर रोजची खूण करा.

रात्रभर उपाशी ठेवणं

दवाखान्याच्या छापील कागदावर "रात्री १० नंतर काही देऊ नये" असं लिहिलेलं असतं. ते कुत्र्या-मांजरांसाठी आहे, भुलेत उलटी होऊन ती श्वासनळीत जाऊ नये म्हणून. चिंचिलाला उलटी होतच नाही. त्याचं पोट रिकामं राहिलं तर आतडी थांबतात आणि ती पुन्हा चालू करणं हेच मोठं काम होऊन बसतं. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, गवत निघेपर्यंत समोर असू द्या. भूल देण्याआधी तोंडात काही उरलंय का ते आम्ही बघू. तुमच्या डॉक्टरांना स्वतःहून विचारा, आणि समोरून "रात्रभर उपाशी" असं उत्तर आलं तर त्यांनी चिंचिलाला याआधी भूल दिली आहे का हाही प्रश्न विचारा.

उन्हाळ्यातला प्रवास

हा अँडीजच्या थंड डोंगरांवरचा प्राणी. १९२३ मध्ये मॅथायस चॅपमन नावाच्या माणसाने चिलीतून अकरा चिंचिला कॅलिफोर्नियात नेले, आज घरोघरी असलेले बहुतेक त्यांचेच वंशज. शंभर वर्षांत त्यांची लव काही कमी झालेली नाही. २७ अंशांच्या वर त्यांना उष्माघात होऊ शकतो. सकाळची पहिली वेळ मागून घ्या, रिक्षाऐवजी एसी गाडी ठरवा, गाडी थंड झाल्यावरच पिंजरा आत ठेवा. बर्फाची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून शेजारी ठेवा. वीज गेली तर इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, म्हणून आमच्या फ्रिजमध्ये कडप्प्याचे दोन तुकडे कायम असतात. भुऱ्या त्यावर पोट टेकवून पसरतो. अंगावर पाणी मात्र मारू नका, दाट लव आतून वाळत नाही.

भुलेत याच्या उलट होतं, छोटं शरीर झपाट्याने थंड पडतं. ऊब कशी देणार आहात, हे विचारायला लाजू नका.

डॉक्टरांना न विचारलेले प्रश्न

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत भुलेशी संबंधित मृत्यूंचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, सशांत १.३९, तर चिंचिलात ३.२९ टक्के होतं. आजारी प्राणी धरून. आकडा वाचून मी रात्रभर जागी होते. पण खडा आत राहू देण्यातला धोका त्याहून मोठा आहे, हे डॉक्टरांनी शांतपणे समजावलं.

मग मी विचारलं : त्या दिवशी सकाळी पुन्हा एक्स-रे काढणार ना? खडा सरकून मूत्रमार्गात गेला असेल तर शस्त्रक्रियेची जागाच बदलते. टाके घातल्यावरही एक एक्स-रे काढून सगळे खडे निघालेत हे बघणार ना? खडा तपासणीला पाठवणार ना? रात्री त्याच्याजवळ कोण असेल, घरी वेदनाशामक कोणतं आणि किती दिवस? खडे पुन्हा होतात का, याचं उत्तर ऐकायला जड गेलं. होतात, बऱ्याच जणांना होतात. म्हणून पुढेही ठरावीक काळाने एक्स-रे काढत राहायचे आहेत.

तयारी ऑपरेशननंतर सुरू करणं

सिरिंजने भरवायची सवय आधीच लावा. आजारी तृणभक्षी प्राण्यांसाठी गवताच्या पुडीचं खाद्य मिळतं, ते कोमट पाण्यात कालवून पुढच्या दातांच्या मागे, गालाच्या बाजूने थोडं थोडं द्यायचं. सरळ घशात नको, ठसका लागतो. धरताना मानगूट पकडू नका, लवेचा पुंजका हातात येतो. टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी धरा.

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज एकाच वेळी वजन करून लिहा. सलग वीस-पंचवीस ग्रॅम उतरले तर फोन करा. दहा टक्के उतरायची वाट बघू नका. पिंजऱ्यातल्या उंच फळ्या काढा, खाली भुसा नको, स्वच्छ फ्लीसचं कापड घाला. मातीची अंघोळ (चिंचिला पाण्याऐवजी बारीक मातीत लोळून लव साफ करतो) टाके सुकेपर्यंत, साधारण दोन आठवडे, बंद. ती धूळ जखमेत बसते. जोडीदार असेल तर दोघांचे पिंजरे शेजारी ठेवा आणि कापडं अदलाबदल करत राहा, नाहीतर दवाखान्याच्या वासामुळे परतल्यावर भांडणं होतात.

आमची पिशवी भरून झाली आहे : त्याच्याच पिंजऱ्यातलं मूठभर गवत, त्याच्या वासाचं फ्लीस, सिरिंजा, वजनाची वही, एक्स-रे. आज सकाळचं वजन ५३६. चार ग्रॅम कमी, पण लेंड्या टपोऱ्या आहेत, आणि काल रात्री पहिल्यांदा त्याने सिरिंजचं टोक स्वतःच्या दोन्ही पंजांत धरून चाटलं.