मावळपट्ट्यातली गरिबी आणि मतदान: गाववार ताळा कसा घालायचा

२०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांवर होती. वेल्हे तालुक्याची, म्हणजे आताच्या राजगडची, जेमतेम साडेचोपन्न हजार. जिल्ह्याची कुठलीही सरासरी काढा, वेल्हे त्यात दिसतच नाही. निती आयोगाचा बहुआयामी गरिबी निर्देशांक जिल्ह्यापाशी थांबतो, म्हणून तो इथे कामाचा नाही. तालुक्याचा आकडाही फसवा असतो, कारण मुळशीत आयटी कंपन्यांची हिंजवडी आहे आणि घाटातली ताम्हिणीही आहे. मावळात तळेगाव-लोणावळा आहे आणि आंदर मावळातल्या टोकाच्या वाड्याही आहेत. ‘डोंगरातली गरीब माणसे कुणाला मत देतात’ हे पाहायचे तर एका बाजूला जनगणनेतले गाव आणि दुसऱ्या बाजूला मतदान केंद्र, अशी जोडणी करावी लागते. सगळी मेहनत या जोडणीत जाते. एका विधानसभा मतदारसंघाला दोन माणसांचे तीन-चार आठवडे धरा. त्यातले दोन आठवडे नुसती नावे जुळवण्यात जातील.

सामान फारसे लागत नाही: एक बरा लॅपटॉप, एक्सेल किंवा लिब्रेऑफिस, मोफत मिळणारे नकाशांचे सॉफ्टवेअर क्यूजीआयएस, आणि त्या तालुक्यातला एखादा बीएलओ (केंद्राची मतदारयादी सांभाळणारा अधिकारी) किंवा जुना तलाठी, ज्याला फोन करून ‘ही वाडी कुठल्या गावात धरतात हो?’ असे विचारता येईल. हा शेवटचा माणूस नसेल तर काम सुरू करू नका.

आधी हद्द, मग आकडे

डोंगरी भाग कुठे सुरू होतो हे आकडे उघडण्याआधी ठरवून कागदावर लिहून ठेवा. नंतर ठरवलेली हद्द नकळत हव्या त्या निष्कर्षाकडे सरकते.

सरकारी हद्दी आयत्या मिळतात, पण त्या एकमेकींशी जुळत नाहीत. १९७४-७५ पासूनच्या पश्चिम घाट विकास कार्यक्रमाने ज्या तालुक्याचे किमान २० टक्के क्षेत्र ६०० मीटरपेक्षा उंच आहे तो डोंगरी धरला. पाच राज्यांतले १७१ तालुके त्यात बसले, त्यातले ६३ महाराष्ट्राचे. गाडगीळ समितीने २०११ मध्ये पश्चिम घाट १,२९,०३७ चौरस किलोमीटरचा मानला, तर कस्तुरीरंगन गटाने दोन वर्षांनी १,६४,२८० चौरस किलोमीटरचा. डोंगर तोच, पण मोजणारे बदलले की तो पस्तीस हजार चौरस किलोमीटरने वाढतो. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागाला याशिवाय अनुसूचित क्षेत्राची हद्द आहे. तिथे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा लागू होतो, म्हणून ती वेगळ्या रकान्यात नोंदवा.

६०० मीटरचा निकष आपल्याकडे लंगडा पडतो, याचे कारण साधे आहे. पुणे शहरच साधारण ५६० मीटरवर वसले आहे. दिवे घाट चढून वर गेले की सासवडचे पठार शहराहून उंच, पण ते काही मावळ नव्हे. म्हणून उंचीऐवजी उतार घ्या. ३० मीटरचे उंचीचे रास्टर (३० मीटरच्या चौकोनागणिक उंची सांगणारी नकाशाची फाइल) उतरवून क्यूजीआयएसमध्ये उताराचा थर बनवा आणि ‘झोनल स्टॅटिस्टिक्स’ने प्रत्येक गावाचे किती क्षेत्र १० अंशांहून तीव्र आहे ते काढा. निम्म्याहून जास्त असेल तर गाव डोंगरी धरायला हरकत नाही. इथे नवख्यांचा हमखास घोळ होतो. रास्टर अक्षांश-रेखांशात असताना उतार काढला की सगळा जिल्हा ८९ अंशांचा कडा दिसतो, कारण आडवे अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये मोजली जाते. आधी रास्टर मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम ४३ उत्तर या नकाशा-प्रणालीत (क्रमांक ईपीएसजी ३२६४३) बदलून घ्या.

आमचा कल खोऱ्यांकडे आहे. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, मोसे खोरे, कानद खोरे, हिरडस मावळ, उत्तरेला मीननेर आणि कुकडनेर या जुन्या विभागण्या पाणलोटावर बेतलेल्या आहेत. सोयरिकी, बाजार, एसटीचा मार्ग आणि पुढाऱ्याची ऊठबस आजही बऱ्याच अंशी खोऱ्यानेच ठरते. प्रत्येक गावाला ‘खोरे’ हा रकाना द्या. पुढे तालुक्यापेक्षा तोच जास्त बोलतो.

सरकारी हद्द कारण म्हणून वापरू नका, एवढे ध्यानात ठेवा. हद्दीमागे निधी येतो आणि निधीसाठी हद्द ताणली जाते. अमेरिकेत १९६५ च्या कायद्याने मागास डोंगराळ अ‍ॅपलेशियाची हद्द आखली. आज तीत १३ राज्यांतल्या ४२३ काउंटी (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) आहेत, आणि डोंगर म्हणावा असा डोंगर नसलेल्या मिसिसिपीचा तुकडाही आहे. जी रेघ राजकारणाने आखली, तिच्या आतले मतदान त्याच रेघेने समजावून सांगणे म्हणजे आपलीच शेपटी पकडणे.

गरिबी कशाने मोजायची

गाववार गरिबीचा दर कुठेच मिळत नाही, तेव्हा खुणांवरून अंदाज बांधावा लागतो. २०११ च्या गाववार तक्त्यांतून चार खुणा घ्या. पहिली, स्त्रियांची साक्षरता. भागताना सहा वर्षांपर्यंतच्या मुली वजा करायला विसरू नका, नाहीतर लेकुरवाळी गावे उगाच मागास दिसतात. दुसरी, एकूण कामगारांत सीमांत कामगारांचे, म्हणजे वर्षात सहा महिन्यांहून कमी काम मिळालेल्यांचे प्रमाण. तिसरी, घरयादीच्या तक्त्यातील रेडिओ, टीव्ही, फोन, सायकल, गाडी यांपैकी एकही वस्तू नसलेली घरे. चौथी, पाणी ‘दूरवरून’ आणणारी घरे. ग्रामीण भागात दूर म्हणजे अर्ध्या किलोमीटरपलीकडे. पानशेत-वरसगावच्या काठावरही हा आकडा चढा दिसला तर दचकू नका. धरण उशाला, कोरड घशाला, ही म्हण तिथलीच वाटावी.

चारही खुणांवर गावांना क्रम लावा (साक्षरतेचा उलटा, म्हणजे मोठा क्रम नेहमी जास्त गरिबीचा राहील), क्रमाला गावांच्या संख्येने भागून ० ते १ मध्ये आणा आणि सरासरी काढा. सर्वात मोठ्या-लहान आकड्यांच्या फरकाने भागायची पद्धत टाळा, कारण एखादे टोकाचे गाव सगळ्यांना एका कोपऱ्यात ढकलते. क्रमही फक्त डोंगरी गावांच्या आपसात लावा. हिंजवडी यादीत असली की बाकी सगळी गावे सारखीच गरीब दिसतात.

जमीन ही खूण मुद्दाम गाळली आहे. पाच एकर वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन) आणि पाच गुंठे भातखाचर यांत पोटाला काय देते हे तिथल्या कुणालाही विचारा. शिवाय तळ्याकाठच्या कित्येक सातबाऱ्यांवर आता मुंबई-पुण्याची नावे आहेत. छपराचा पत्रा-कौल हा रकानाही अशा पावसात काही सांगत नाही.

जनगणनेची गणती ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या काळात झाली. त्या दिवसांत कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर असतात, त्यामुळे सर्वात गरीब वस्तीच कमी मोजली जाते. उलट तपासणीसाठी रेशन दुकानवार यादी घ्या. सर्वात गरीब कुटुंबांच्या अंत्योदय कार्डाला महिना ३५ किलो धान्य आणि प्राधान्य गटात माणशी ५ किलो मिळते. प्राधान्य गटासाठी ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४,००० रुपये आहे. अंत्योदय कार्डांचे प्रमाण आणि आपला क्रम यांची दिशा साधारण एक असायला हवी. जिथे नसेल, त्या गावाला फोन लावा. बहुतेक वेळा कागदपत्रांअभावी कार्डच निघालेले नसते.

फॉर्म २० आणि केंद्रांची यादी

केंद्रवार मते फॉर्म २० मध्ये असतात, आणि तो राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. बरेच फॉर्म स्कॅन केलेले किंवा जुन्या फॉन्टमधले असल्याने कॉपी-पेस्ट करताना आकडे फुटतात: ३ चा ८ होतो, रकाना एक घर सरकतो. हाताने भरलेले बरे. प्रत्येक ओळीला तीन ताळे घाला. उमेदवारांच्या मतांची बेरीज वैध मतांशी, वैध अधिक नोटा ही एकूण मतांशी, आणि शेवटी उमेदवारवार एकूण अधिक टपाली मते ही जाहीर निकालाशी जुळली पाहिजे. प्रदत्त मतांचा (आपल्या नावावर आधीच कुणी मत दिल्याने मतदाराने वेगळ्या मतपत्रिकेवर दिलेल्या मतांचा) रकाना बेरजेत धरू नका. टपाली मते कुठल्याच केंद्राची नसतात, ती वेगळी ठेवा.

फॉर्म २० मध्ये केंद्राचा क्रमांक असतो, गाव नसते. त्यासाठी त्याच निवडणुकीची केंद्रांची यादी लागते, आणि ‘त्याच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मे २०२४ ची लोकसभा (बारामतीत ७ मे, मावळ-शिरूरमध्ये १३ मे) आणि २० नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा यांच्या मध्ये याद्यांची पुनरीक्षणे होतात, क्रमांक सरकतात. सहाय्यकारी केंद्रे (मतदार जास्त झाल्याने उघडलेली जोडकेंद्रे) मूळ केंद्रात मिळवा. एका गावाची दोन-तीन केंद्रे असतील तर बेरीज करा. एका केंद्रात तीन गावांच्या वाड्या असतील, जे डोंगरात नेहमीचे आहे, तर मते लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून टाकायचा मोह आवरा आणि ती तीन गावे एकत्र करून एकच घटक माना. वाटून टाकले तर गावांमधला जो फरक शोधायचा आहे तोच पुसला जातो.

जोडणी नावाने नव्हे, जनगणनेच्या सहा आकडी गावक्रमांकाने करा. बुद्रुक-खुर्द, ‘तर्फ’ लावलेली नावे, दोन-दोन वडगावे आणि कात्रजजवळचे आंबेगाव विरुद्ध आंबेगाव तालुका, यांत संगणक बिनदिक्कत चुकतो. २०१७ आणि २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेलेली गावे जनगणनेत मात्र आपापल्या जुन्या तालुक्यात सापडतील, उदाहरणार्थ सूस आणि म्हाळुंगे मुळशीत.

२००९ च्या मागे जाऊ नका. २००८ च्या पुनर्रचनेने सगळे मतदारसंघ बदलले. २००४ पर्यंत मुळशी हा वेगळा विधानसभा मतदारसंघ होता. आता भोर, वेल्हे, मुळशी मिळून भोर. मावळ लोकसभा तर बोरघाट उतरून पनवेल, कर्जत, उरणपर्यंत जाते, त्यामुळे तिचा एकूण निकाल डोंगराबद्दल काहीच सांगत नाही.

वाचताना

प्रत्येक घटकात उमेदवाराच्या मतांचा टक्का काढा, त्यातून मतदारसंघाचा टक्का वजा करा आणि हा फरक आलेखावर गरिबीच्या क्रमासमोर मांडा. ठिपक्याचा आकार मतांइतका ठेवा. पक्षाची २०१९ आणि २०२४ ची रेघ जोडताना थांबा. शिवसेना २०२२ मध्ये आणि राष्ट्रवादी २०२३ मध्ये फुटली, म्हणून ‘घड्याळ’ हे चिन्ह तेच असले तरी पक्ष तोच नाही. चिन्हांचा गोंधळही नोंदवा. साताऱ्यात २०२४ च्या लोकसभेला शरद पवार गटाच्या तुतारीशी गल्लत होणाऱ्या पिपाणी चिन्हावरच्या अपक्षाला मिळालेली मते विजयाच्या फरकाहून जास्त होती. त्या मतांना ‘तिसरी पसंती’ म्हणणे भाबडेपणाचे ठरेल.

गरिबीशेजारी दुसरा रकाना हवाच: उमेदवाराच्या गावापासून रस्त्याने अंतर. भोरमध्ये काँग्रेसचे संग्राम थोपटे २००९, २०१४ आणि २०१९ असे तीनदा निवडून आले आणि २०२४ मध्ये राष्ट्रवादीचे (अजित पवार गट) शंकर मांडेकर जिंकले. अशा ठिकाणी गरिबीचा परिणाम वाटणारी गोष्ट प्रत्यक्षात ‘आपल्या तालुक्याचा माणूस’ असू शकते. दोन्ही रकाने एकत्र घालून पाहा. अंतर घातल्यावर गरिबी आणि मतांचा संबंध दाखवणारी रेघ सपाट झाली तर तसे लिहा. बारामती लोकसभेला त्याच केंद्रांवर सहा महिने आधी दोन्ही मुख्य उमेदवार पवार घराण्यातले होते, म्हणजे खोऱ्याचा कुणीच नव्हता. ही तुलना फुकटात मिळते, ती सोडू नका.

मतदानाच्या टक्क्याचा भाजक फसवा असतो. चाकरमानी मुंबईत राहतो, नाव गावच्या यादीत असते. मे महिन्यात जत्रा आणि सुट्टी असल्याने तो घरी असतो, तर नोव्हेंबरात भातकापणी-झोडणी चाललेली असते. टक्का पाच-सात अंकांनी हलला म्हणजे उत्साह घटला असे नव्हे. त्याच कारणाने गावचे एक मत खूपदा भोसरीच्या किंवा घाटकोपरच्या पगाराचे मत असते. ‘गरीब गावात अमुक उमेदवाराला जास्त मते’ एवढेच म्हणा. ‘गरिबांनी अमुक उमेदवाराला मते दिली’ हे या आकड्यांतून निघत नाही.

सगळे गणित तीन हद्दींवर परत करा: सरकारी तालुके, उताराची गावे, खोरी. तिन्हींत संबंधाची दिशा तीच राहिली तर निष्कर्षावर भर द्या. एकीत उलटली तर तिन्ही आकृत्या शेजारीशेजारी छापा.

छापताना ३०० मतांखालचे घटक शेजारच्या घटकात मिळवूनच दाखवा. एकाच वाडीचे, एकाच समाजाचे छोटे केंद्र उघडे पाडले की कुणी कुणाला मत दिले हे गावात दुसऱ्या दिवशी कळते, आणि पुढच्या उन्हाळ्यात टँकर कुठल्या वळणावरून माघारी फिरतो हेही.